अर्थिंगचा खड्डा

एकतीस वर्षं मी एकच वाक्य बोललो:
येते ना लाईन, जरा थांबा.
पोलावरून बोललो,
जेवता जेवता, हात उष्टा, मोबाईल खांद्यात दाबून बोललो.
लग्नात डीजे बंद पडला तेव्हा
नवरदेवाच्या मामालासुद्धा हेच.

परवा यवतमाळच्या शोरूममध्ये
कडक इस्त्रीतला पोरगा मला म्हणाला,
काका, दिवाळीनंतर मोठ्या बॅटरीचं मॉडेल येतंय,
जरा थांबा.

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.
माझंच वाक्य होतं,
एसीत ठेवून गार केलेलं.

थांबायला कारणांची कमी नाही.
स्नेहल पुण्याहून सांगते, बाबा, किमती उतरतील.
गावंडे साहेब म्हणतात, रिटायर व्हा, पैसा हाती येऊ द्या.
साळा म्हणतो, पहिली गाडी घेणारा
शेजाऱ्यासाठी प्रयोग करत असतो.
बेबीनंदा काहीच म्हणत नाही.
ती जुन्या मारुतीत बसते,
दार आतून उघडत नाही म्हणून काच खाली करते,
हात बाहेर काढून खटका ओढते
आणि उतरते.
दवाखान्यासमोर, बँकेसमोर, व्याह्यांच्या दारात,
सगळीकडे तसंच.

माझा हिशोब मी कुणाला दाखवला नाही.
जुन्या डीपी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर आहे:
इथून यवतमाळ बेचाळीस, जाणं-येणं चौऱ्यांशी,
चढ-उतार धरून शंभर.
मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री, एसी लावला की आणखी वजा.
रात्री आठला आपल्या फेजवर व्होल्टेज एकशे सत्तर,
हे मला ठाऊक, शोरूमच्या पोराला नाही.
हरभऱ्याच्या ओलिताला साऱ्या मोटरी एकदम उठतात
आणि ट्रान्सफॉर्मर तेल गाळत उभा राहतो.
तेव्हा माझ्या अंगणात गाडी
वायर लावून बसणार,
ती कुणाच्या वाट्याची?
लोक म्हणतील,
लाईनमनच्या घरी बरी येते लाईन.

म्हणून तीन रात्री दोनचा अलार्म लावला.
बनियनवर, पायात चप्पल नाही, ओसरीत उभा राहून
मीटर धरलं बोर्डाला.
दोनशे बत्तीस.
दुसऱ्या रात्री दोनशे चौतीस.
पुन्हा पाहिलं. सेल बदलून पाहिलं.
गाव झोपलं की तारा अशा काठोकाठ भरतात
हे मला माहीतच नव्हतं.
मी रात्रीचा उठायचो फोन आला तरच,
आणि फोन आला म्हणजे
ती गेलेली असायची.

तिसऱ्या रात्री आकडा लिहिलाच नाही.
नुसता उभा राहिलो.
पलीकडे ठाकऱ्यांच्या गोठ्यातला बल्ब
कुणी विझवायचा विसरलं होतं,
पांढराशुभ्र, जरासुद्धा न लवणारा.

काल रविवार.
पेरूच्या झाडापासून दीड हात सोडून
खड्डा घ्यायला लागलो.
कमरेइतकी काळी माती, मग मुरूम,
सब्बल आपटली की दात झणझणतात.
मीठ दहा किलो, कोळसा दोन पोते,
तांब्याची प्लेट
(माझी, विकत घेतलेली, पावती आहे).
पंचायतीत, शाळेत, दळणाच्या गिरणीत
किती अर्थिंग केले याची मोजदाद नाही.
स्वतःच्या घराला मात्र
नळाच्या पाईपवर भागवलं आजवर.

बेबीनंदा बादली घेऊन आली.
वाकून पाहिलं तिनं आत.
"कायचा जी हा खड्डा? झाड लावता का?"
"अर्थिंग आहे."
"कायले?"

जरा थांब, सांगतो,
असं ओठावर आलं
आणि मी ते गिळलं.
कपाळाचा घाम पुसत नुसता उभा राहिलो
कमरेइतक्या जमिनीत.

मिठावर, कोळशावर पाणी ओतलं तिनं हळूहळू,
बुडबुडे बसेपर्यंत थांबली,
मग रिकामी बादली पालथी करून म्हणाली,
"काळी नका घेऊ बरं.
आपल्या रस्त्यानं धुरळा लय दिसते."