फॉर्म नंबर त्रेसष्ट

घाटंजीहून सकाळची एसटी, पुढं दोन कोस पायी.
पिशवीत दोनशे फॉर्म, फॉर्मामागं चाळीस रुपये.
प्रश्न सातवा : रोज किती मिनिटं बोलता?
आठवा : कोणत्या कानाला धरता?
बारावा : डोकं दुखतं का?

अनसूया कोरांगे हसली.
"डोकं त् मोबाईल यायच्या आंदीपासून दुखते, बाई.
अन् मिनिटं कोन मोजते?
भाकर करपली का समजाव, लय बोललो."
मी लिहिलं : वीस.

गावात टॉवर नाही.
नेटवर्क भेटते म्हसोबाच्या टेकडीवर, पळसाखाली,
आणि चैतात पळसाला सावली कसली?
पुण्याच्या पोराला जेवायची सुट्टी बाराला,
म्हणून माय बारालाच टेकडीवर.
जी जास्त बोलते, तिचं डोकं जास्त दुखतं.
तक्ता बरोबर येतो.

मी समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं : ऊन.
वैरागडे सर म्हणाले, समास कॉम्प्युटरमध्ये जात नाही.

रुपेशनं एका रात्रीत एकेचाळीस फॉर्म भरले,
लॉजच्या पंख्याखाली, तीन पेनं बदलून.
अंगठेही त्याचेच : डावा, उजवा, पायाचासुद्धा.
मी त्याला मोप नावं ठेवली.

आता माझं सांगते.
त्रेसष्ट नंबरच्या घराला कुलूप.
शेवटची एसटी साडेचारची.
मी उभ्या उभ्याच भरलं :
मैना टेकाम, वय चौतीस.
चाळीस मिनिटं. उजवा कान. झोप सहा तास.
डोकं : कधी कधी.
'कधी कधी' मुद्दाम. खरं वाटावं म्हणून.

मृगाच्या तोंडावर ती वीटभट्टीवरून परतली.
हापशीवर भेटली.
फोन नाही तिच्याकडं, कधी नव्हताच.
मी बोलायला लागले
तर तिनं मान वळवून डावा कान पुढं केला.

माझ्या कागदावर ती अजून रोज बोलते, चाळीस मिनिटं.
कोणाशी, ते मी ठरवलंच नव्हतं.

टेकडी चढले. सरांना लावला.
"सर, त्रेसष्ट नंबर काढून टाका. तो मी भरलाय."
"काय? आवाज तुटतोय. छापायला गेलं ना आता—"
"त्रेसष्ट, सर. सहावर तीन."
पुन्हा लावला. पुन्हा.

एकोणीस मिनिटं, डावा कान.
उतरताना कपाळ ठणकत होतं.
घरी येऊन वहीत लिहिलं, तारखेसकट,
आणि पुढं, समासात नाही, ओळीतच : ऊन.