प्रयोग क्रमांक बावीस

चौदा दिवस दोन पडदे शेजारी शेजारी चालले.
अ म्हणजे जुना : टँकर निवडा,
मग रकमेचं पान, मग ‘नक्की करा’.
ब माझा : एकच पिवळं बटण,
दाबलं की गाडी निघाली.

मधलं पान मी कापलं होतं.
अडसर आहे तो, असं म्हटलं होतं मीटिंगमध्ये,
लोकांच्या टाक्या कोरड्या
आणि आपण त्यांना पावत्या वाचायला लावतोय.
पारखेंनी मान हलवली.
बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावर तेवढं पुरतं.

पंधराव्या दिवशी निखत बागवाननं
लॅपटॉप माझ्याकडे वळवला, बोलली नाही.
ब खाली गेला होता,
शंभरात एकोणीस टँकर कमी.

नाटकाचा प्रयोग पडला तर निदान
रिकाम्या खुर्च्या दिसतात,
विंगेत येऊन कुणी पाठीवर हात ठेवतं.
इथे नुसती एक रेघ,
उतारावर सोडून दिलेल्या सायकलीसारखी.

मी आधी रंगाला दोष दिला.
मग जोडून आलेल्या सुट्ट्यांना.
मग कात्रजला फुटलेल्या पाइपलाइनला.
“पाइप फुटला की टँकर वाढतात,”
डब्याचं झाकण काढत निखत म्हणाली.
त्यानंतर मी गप्प बसले.

तिनंच यादी काढली,
बटणापर्यंत येऊन परत गेलेल्यांची.
त्यात एक नंबर, वाघोलीचा :
एकाच रात्रीत अकरा वेळा उघडलं,
अकरा वेळा मिटलं.

गुरुवारी तिच्या ॲक्टिव्हावर आम्ही दोघी,
नगर रोडची धूळ दातांत.
सोसायटीच्या फाटकापाशी पंपाची खोली,
बाहेर प्लास्टिकची खुर्ची, मोटरची वही,
आणि अंकुश तिडके,
पाटीवर मॅनेजर, पायात स्लीपर.

“मॅडम, ते पैशाचं पान कुठं गेलं?
त्याचा फोटो काढायचो, खजिनदारांना धाडायचो,
ते हो म्हणले की मग दाबायचो.
आता दाबलं की गाडी येतीय.
दहा हजार लिटर, माझ्या बोटावर.
पगारातनं कापलं तर?”

आणि ती रात्र?
“साहेब झोपले होते.
दर वेळी वाटायचं, ते पान आलं असंल परत.”
मग वहीकडे बघत,
“सकाळी बी विंगला पाणी नव्हतं.”

मी वर बघितलं, का कोण जाणे.
बी विंगच्या बाल्कन्यांत बादल्या उपड्या वाळत होत्या.
ज्याला मी अडसर म्हणत होते
तो त्याचा कठडा होता,
आणि मी जिना मोकळा केला म्हणून
खूश होते चौदा दिवस.

परतताना निखत हेल्मेटमधून ओरडली,
“बरं झालं पडला!”
मला पटलं, पण बी विंगसमोर
ते मोठ्यानं म्हणता आलं नसतं.

पान परत आणलं.
वर शहाणपणा म्हणून एक नवं बटण :
‘खजिनदारांना पाठवा’.
तेविसावा प्रयोग, पुन्हा चौदा दिवस.
रेघ हललीच नाही,
आजारी माणसासारखी आडवी.

या वेळी मी रंगाला काही बोलले नाही.
सरळ फोन लावला.

“बटण चांगलंय हो मॅडम,” तिडके म्हणाले,
मागे मोटर घरघरत होती,
“पण फोटोवर मला बोटानं
लाल गोल काढता येतो, रकमेच्या भवती.
साहेब रात्रीचा चष्मा लावत नाहीत.”

वहीत लिहिलं : तेवीस. पडला.
खाली दोन ओळी सोडून
लाल पेनानं एक गोल काढून बघितला.
जिथून सुरू केला
तिथे काही नीट मिळाला नाही.