एवढी ओढ, एवढी लांबी

झ्लीनमध्ये एका साहेबाने म्हणे
आपली कचेरीच लिफ्टमध्ये बांधून घेतली होती,
टेबल, टेलिफोन, हात धुवायचं बेसिनसुद्धा.
व्लास्ता ह्रुबेशोवाला त्याचं कौतुक नव्हतं.
"खोली वर गेली म्हणून
बुटाचा तळ मऊ होत नाही," म्हणायची,
आणि रबराची पुढची पट्टी
यंत्राच्या जबड्यात द्यायची.

सत्तावीस वर्षं तिने पट्ट्या ताणल्या.
कंबर बारीक, टोकं रुंद,
काळ्या, तपकिरी, क्वचित एखादी लाल.
तुटताना त्या
लहान मुलाला चापट बसावी तसा आवाज करत.
वहीत दोन रकाने: ओढ, लांबी.
कोण बघत होतं
याचा रकाना नव्हता.

मग ब्रनोहून राडिम आला,
नवी पदवी, बाह्यांवर खडू.
त्याने रबराचं समीकरण मांडलं, चार पानी.
व्लास्ताचं गणित शाळेपुरतं;
तिने एका अक्षरावर बोट ठेवलं.
हे काय?
फिरण्याचा वेग.
कोणाचा?
रबराचा. म्हणजे, बघणाऱ्याच्या मानाने.
मग मी ह्या स्टुलावर गिरकी घेतली
तर तुझं रबर कडक होणार?
तो हसला नाही.
पानं मात्र घडी करून खिशात ठेवली.

सप्टेंबरात नदीकाठी जत्रा भरली.
भाजलेल्या बदामांचा वास,
साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांची चक्री.
व्लास्ताने पर्समधून काढला
मासे तोलायचा स्प्रिंगकाटा,
त्याच्या आकड्याला पट्टी,
पट्टीच्या टोकाला पितळी वजन.
चक्रीवाला म्हणाला, बाई, मासे तिकडे, नदीत.

चक्रीने वेग घेतला.
खाली उभ्या राडिमला पट्टी तिरपी दिसली,
वर्तुळावर धावणारी.
व्लास्ताला ती नाकासमोर सरळ,
अगदी स्तब्ध;
धावत होती ती नदी,
ते बदाम, तो राडिम.
पट्टी लांबली! तो खालून ओरडला.
काटाही उतरलाय! ती वरून.
पुढच्या फेरीला तिने आकडे सांगितले.
त्याच्या पुढच्या फेरीला
तिला मळमळायला लागलं.

बाकावर बसून वही उघडली.
एवढी ओढ, एवढी लांबी.
तळघरातल्या टेबलावरची तीच ओळ,
मार्चमधली, तिच्याच अक्षरात.
राडिम बराच वेळ बघत राहिला,
मग पेन्सिलीने ते एक अक्षर खोडलं,
कागद फाटेपर्यंत.
ती म्हणाली, तिरपं कोणाला, सरळ कोणाला,
ते बघणाऱ्यांनी आपसात मिटवावं.
रबराला साक्षीला कशाला ओढायचं?

ओटाकारचा विषय तिने तेव्हा काढला नाही.
अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये तो व्हिएन्नाला गेला,
तिथून कॅनडात.
तो लिहितो, तू थांबलीस.
ती लिहिते, तू गेलास.
स्टेशनवरून गाडी हलते,
गाडीतून स्टेशन;
दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही.
मधे जे ताणलं गेलं
त्याची लांबी मात्र
दोन्ही पत्रांत एकच निघाली असती,
कोणी मोजली असती तर.
ती मोजत नसे.
एवढ्या एकाच गोष्टीचं
तिने यंत्र सुरू केलं नाही.

पुढे राडिम प्राहाला गेला, प्राध्यापक झाला.
निवृत्तीनंतर एकदा तिला त्याचं पत्र आलं:
वायूचा हिशेब फार बारकाईने मांडला, बाई,
की घोटाळा होतो.
दोन टकरींच्या मधे रेणू उडतो,
आणि भांडं फिरत असेल
तर भांड्यातून पाहता त्याची वाट वाकते.
फिरणं त्याला थोडंसं कळतं, असं दिसतं.
फारच थोडं.
पण भांडणं चालू आहेत.
तुम्हाला सांगावंसं वाटलं.

व्लास्ताने चष्मा पुसला,
पत्र दोनदा वाचलं,
खिडकी उघडून
बाहेरच्या हवेकडे जरा संशयाने पाहिलं.

मग पोस्टकार्डावर लिहिलं:
हवेचं मला माहीत नाही.
ती पहिल्यापासूनच कोणाच्या हातात नव्हती.
मी रबराबद्दल बोलत होते.