ऊन लागलं म्हणून

आधी खिशात कांदा दिला होता.
मग पन्हं. मग दुकानातलं ग्लुकोज,
हिरव्या डब्यातलं, दोन चमचे जास्तच,
कारण पोरगी पाणी पाणी करत होती
आणि मे महिन्यात नागपुरात
कोण पाणी पाणी करत नाही?

आम्रपाली खोब्रागडे, वय नऊ, वजन एकवीस.
परीक्षेच्या वेळी सव्वीस होतं, शाळेच्या कार्डावर आहे.
रात्री चारदा उठायची.
एकदा कूलरचं पाणी पिताना सापडली.
आई एका दमात सांगते
आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणते,
ऊन लागलं असन म्हणून.

बाप कळमन्यात पेट्या उतरवतो.
मेडिकलच्या दारात ऑटो थांबायच्या आधीच
तिला घेऊन उतरला.
"मॅडम, पोरीच्या तोंडाले वास येते.
पेटीच्या खालच्या थरात
एखादा आंबा उतरला असन ना, तसा.
वरून काई दिसत नाई,
पन आपल्याले समजते."

चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलेलं : उलट्या, पोटदुखी.
मी वाकले तिच्या तोंडाशी.
श्वास खोल, घाईचा,
चार मजले चढून आल्यासारखा,
आणि ती तर आडवी.

बोटाला टोचलं. मीटरवर आकडा नाही.
डॉक्टर बुटे मोठ्यानं वाचतात : "हाय".
यंत्राला म्हणायचं होतं, माझ्या मोजण्यापलीकडे.
आईनं ते मराठीत ऐकलं.

बाहेरच्यांना वाटतं इमर्जन्सी म्हणजे धावणं.
ही हळू चालायची इमर्जन्सी.
सलाईन पंपावर, मोजून.
इन्सुलिन तासाभरानं, तेही थेंबाथेंबानं.
घाई केली तर मेंदू सुजू शकतो.
बुटे उभ्याउभ्या डुलकी घेतात
आणि झोपेतच विचारतात, पोटॅशियम आलं का.

आणि तोंडानं पाणी नाही.
"सिस्टर, एक घोट."
मी ओला बोळा ओठांवर फिरवते.
ती बोळाच चोखू बघते.
आई भिंतीकडे तोंड करून उभी.

दर तासाला टॉर्च, बाहुल्या, तेच तीन प्रश्न :
नाव काय, कुठे आहेस, मैत्रीण कोण.
एकला : आम्रपाली. मेडिकल. समृद्धी.
दोनला तेच, जरा अडखळत.
तीनला नाव यायला इतका वेळ लागला
की मी मॅनिटॉलची बाटली काढून
हातात धरून उभी राहिले.
बुटे पूर्ण जागे.
काचेपलीकडे बाप,
खांद्यावर ओझ्याचं फडकं तसंच.

चारला विचारलं.
डोळे न उघडता ती खेकसली,
"कितीदा इचारता वो!"
मी लिहिलं : जागी, उत्तर देते.
चार्टमध्ये 'चिडली' असा रकाना नाही.
असायला हवा.

पाचव्या दिवशी बाप मोसंबी घेऊन आला.
खायला नाही, आईला शिकायला.
ती सालीत सुई टोचते, काढते, पुन्हा टोचते.
"मीच पाजलं ना तिले ग्लुकोज," मोसंबीलाच सांगते.
मी म्हणते, नसतं पाजलं तरी हेच झालं असतं,
फक्त तुम्ही उशिरा आला असता.
हे पुरतं खरं आहे का, मला ठाऊक नाही.
तिचा हात थांबला थरथरायचा.

घरी फ्रिज?
नाही. वर टिना. माठ आहे,
"पन त्याच्यात तं पाणी असते."
दुसरं आणा, म्हटलं, लहान मडकं.
मोठ्यात वाळू, वाळूत लहान, त्यात औषध.
वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची,
उन्हाळ्यात चुकवायचं नाही.

आम्रपाली पलंगावरून ऐकत होती.
"वाळूले पानी मी देईन," म्हणाली.