उशिरा पडलेली टाळी

‘पिवळा सिग्नल’ नावाचं एक गाणं होतं.
तुम्ही ऐकलं नसणार.
वाईट वाटून घेऊ नका, कोणीच ऐकलं नाही.

नव्व्याण्णव साल. नारायण पेठेत
झेरॉक्सच्या दुकानावरचा स्टुडिओ,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, तासाला अडीचशे.
मी वायरी गुंडाळायचो, चहा आणायचो.
दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबवायची
आणि नुसत्या टाळ्या ठेवायच्या,
हे बिडव्यांच्या डोक्यात आलं आयत्या वेळी.
माणसं तीनच भरली. चौथा मी.

विद्याधर ओव्हाळ, जो गायला.
फ्लोरी, कॅम्पातली, जी मागे ऊऊ करायची.
उस्मानभाई ढोलकवाले.
आणि मी, विसळलेले पेले खाली ठेवून, ओल्या हातांनी.
सोळा टाळ्या.
अकरावी माझी उशिरा पडली.
बिडव्यांनी काचेपलीकडून नुसतं पाहिलं.
गुरुवार होता, वीज कधीही गेली असती.
म्हणाले, राहू दे, जिवंत वाटतं.

रेडिओवर नऊ वेळा लागलं. वहीत तारखा आहेत.
दुपारी साडेतीनच्या सुमाराला,
बाजारभावांच्या आधी उरलेल्या फटीत.
ताडीवाला रोडच्या खोलीत आई
पिठाचे हात तसेच वर धरून रेडिओसमोर उभी.
“यात तू कुठंयस?”
“थांब, आत्ता येतो मी.”
आणि निवेदिका गाणं हळूहळू खाली न्यायची,
पिंपात तांब्या बुडवावा तसं,
आणि मार्केट यार्डातली कांद्याची आवक सांगायला लागायची.
नऊच्या नऊ वेळा.
एकदा तर विद्याधरने विचारलं, थांबू की निघू,
तर उत्तर आलं:
गवार, दहा किलोला दीडशे ते एकशे ऐंशी.
आई म्हणाली, चांगला लागलाय हो तुझा आवाज.
मी म्हटलं, हो.

मग लागायचंच थांबलं.
कोणी बंद केलं असं नाही,
वरच्या खणातल्या दिवाळीच्या डब्यासारखं, नुसतं कोणी काढलं नाही.
हजारातल्या साडेसहाशे कॅसेट परत आल्या.
बिडव्यांनी त्या मुलाच्या मुंजीत वाटल्या, नारळाबरोबर.
विद्याधरचं आता सातारा रोडला टाइल्सचं दुकान आहे.
फ्लोरी मेलबर्नला.
उस्मानभाई कोविडात गेले.
आई त्याच्याही आधी.

परवाच्या रविवारी जुन्या बाजारात
ड्रिलची पाती आणि एकेकटे बूट यांच्या मधोमध
विद्याधर दिसला, पिवळ्या शर्टात, केसांना जेल लावलेला.
दहा रुपये.
म्हणाला, कव्हरचे घेतो, आतलं फुकट.

पासोड्या विठोबापाशी टेपचा बेल्ट मिळाला, चाळीस रुपयांना.
रात्री बटण दाबलं.
गाणं नाही.
कोणीतरी खाचेत कागदाचा बोळा कोंबून वरून भरलं होतं:
“माझं नाव ऋतुजा भालचंद्र खेसे, इयत्ता चौथी ब.
माझ्या भाषणाचा विषय आहे पाणी हेच जीवन.”
मागे कुकर. मागे स्कूटरची किक.
मध्येच ती अडकली, तेव्हा एक बाईमाणूस कुजबुजलं,
“विहिरी आटतात.”
“विहिरी आटतात,” ती म्हणाली, जणू तिनेच आटवल्या.
तीन मिनिटं बोलली.
“एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद.”

खट्ट.

आणि टाळ्या.
कोरड्या, मागे काहीही नाही, नुसत्या टाळ्या.
मी बोटं मोडत मोजू लागलो.
आठ. नऊ. दहा.
मग जराशी जागा.
मग अकरावी.

आतून बायकोने विचारलं,
“छान बोलली. कोणाची गं ती?”
माहीत नाही, म्हटलं.
टाळ्या माझ्या आहेत.