निळं

थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर,
बोंबलांच्या जागी चार कोंबड्या.
गोराईची पहिली बोट, मग बस, मग परत बस,
आणि परळच्या आमच्या टेबलाशी
एर्मेलिनबाई किणी पेटीचं बूड पदराने पुसत उभ्या,
म्हणजे माझं टेबल भिजू नये.

चिरलं.
यकृत पिवळं, सुजलेलं,
बोट दाबलं तर खूण तशीच राहिली.
कडेला रक्ताचे बारीक ठिपके.
"राणीखेत नाही," मी म्हटलं.
"नसणारच. लस दिलीये,"
आणि तारीख सांगितली. वारासकट.

आधी अंडी बारीक झाली, म्हणाल्या,
मग कवच इतकं पातळ
की उचलताना अंगठा आत गेला.
मग तुरे उतरले.
मग सकाळी खुराड्याचं दार उघडावंसं वाटेना.

दूध-पावडरच्या डब्यातून खाद्य आणलं होतं:
भरडलेला मका, शेंगदाण्याची पेंड.
वास फारसा नव्हता. तेच मला खटकलं.

"पोती खालून ओली झालेली.
मी क्रुसाच्या ओट्यावर पसरली, तीन दिवस, कडक ऊन.
चाळलं. निवडलं.
एक हिरवा दाणा ठेवला नाही, डॉक्टर."
मी डॉक्टर नाही. मी बरण्या धुतो आणि पट्ट्या चढवतो.
तेव्हा सांगायचं राहिलं.

क्लोरोफॉर्म. गाळणकागद. पट्टीवर चार थेंब.
द्रावण काचेत आपल्या वेगाने चढतं,
कुणाची बोट चुकते म्हणून घाई करत नाही.
बाहेर बाकाखाली बर्फाचं पाणी,
ते चाटायला आलेलं कुत्रं त्यांनी
शू शू करून हाकललं, दोनदा.

मग दार लावून अंधार केला, दिवा लावला,
आणि त्यांना आत बोलावलं.
असं बोलवत नाहीत. का बोलावलं, नाही सांगता येणार.

निळं.
तीन थेंबांच्या वाटेवर, स्वच्छ निळं.
"रात्री जाळं ओढलं की पाणी असंच पेटतं,"
त्या वाकून म्हणाल्या. "काय सुरेख."
मग मान वर करून,
"सुरेख आहे ना?"

बुरशी झटकता येते, मी म्हटलं.
तिने आत सोडलेलं उन्हाला भीत नाही.
बराच वेळ नुसता दिव्याचा आवाज.
"म्हणजे मी वाळवून वाळवून घातलं."

जाताना दारात थांबल्या.
"दुकानदार उरलेली नऊ पोती परत मागतोय, निम्म्या भावाने.
चांगल्यात मिसळलं की खपतं म्हणे."
मी अहवालात आकडा लिहीत होतो.
खाली बघूनच लिहिला.

महिन्याभराने त्याच पेटीतून खरेच बोंबील आले.
मी विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या,
"पुरली. नऊच्या नऊ. वर चुना.
रात्री विजेरी न घेता जाऊन बघितलं,
तिथं काही चमकत नव्हतं.
तरी नातवाला तिकडे खेळू देत नाही."