नाकासमोर

तीन वर्षांपूर्वी, कोर्मेच्या खडकावर,
सातव्या लाटेनं माझं नाक मोडलं.
चूक माझीच. सहा मोजल्या आणि पाठ फिरवली,
कारण कपारीत पेर्सेबेसचा घोस होता,
एकेक शिंपला अंगठ्याएवढा जाड,
आणि नाताळ तोंडावर, भाव चढलेला.

तेव्हापासून डावी नाकपुडी बंद.
मी घोरायचे, एलादियो उशी घेऊन
स्वयंपाकघरात जायचा.
तेवढं सोडलं तर काही अडलं नव्हतं.
वास कशाला हवा? समुद्राला एकच वास,
तो कातडीतूनही येतो.

तरी सर्जन म्हणाला, सरळ करून टाकू.
छिन्नी, हातोडी. मी भुलीत होते, पण
भिंतीपलीकडे सुतार काम करत होता
असं हाडाला आठवतं.

नाक सरळ झालं.
चौथ्या पहाटे कूस बदलली
आणि छत वाहू लागलं.
कपाट, कार्मेनच्या मातेची तसबीर,
खुर्चीवरचा एलादियोचा स्वेटर,
सगळं एकाच ओढीत, उजवीकडून डावीकडे,
आणि पुन्हा उजवीकडून.
मी गादीची कड धरली, खडक धरतात तशी,
नखांनी.

भूल उतरतेय, म्हणाले.
मग म्हणाले, रक्त कमी.
मग, धसका घेतलाय.
औषधाच्या दुकानातली पोरगी म्हणाली, वय,
आणि गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिली.

जन्मभर नाकासमोर चालले मी.
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
आता नाक हे असं, पट्टी लावून आखल्यासारखं,
आणि बेकरीपर्यंत मी भिंत धरून जाते.
मागून ऐकू येतं:
ओब्दुलिया हल्ली सकाळीच घेते वाटतं.

दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं.
कोमट, पिचकारीतला, साडेचार युरोचा समुद्र.
एकीकडून शिरतो, दुसरीकडून गुलाबी होऊन निघतो.
वाकले की बेसिन माझ्याकडे येतं.
ज्यानं मोडलं त्याच्याच पाण्यानं धुवा म्हणे!
मला हसू आलं, टाके ओढले गेले.

शेवटी आ कोरुन्याला, कानाच्या डॉक्टरीणबाई,
इरिया बोउसास. हात थंड, बोलणं थोडं.
म्हणाली, कानात खडे असतात, सगळ्यांच्याच,
वाळूहून बारीक. हातोडीच्या ठोक्यांनी
तुझे थोडे सुटले, भलत्या नळीत जाऊन बसले.
तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं
आणि मला मागे पाडलं, एका झटक्यात.
डोळे मिटू नकोस.
माझी बुबुळं नाचत होती, ती बघत होती,
पुटपुटत होती: नऊ, दहा, अकरा...
तेव्हा ओळखलं मी हिला.
ही आमच्यातलीच. लाट ओसरायची वाट बघतेय.

मग मान दुसरीकडे. थांब.
मग कुशीवर. थांब.
मग उठवून बसवलं, पाठीवर हात ठेवून.
गेले घरी, म्हणाली. बहुतेक.

बहुतेक हा शब्द खडकावर चालत नाही.
म्हणून सध्या साबेला उतरते.
माझी नणंद, उंच, उतावळी, मोजण्यात कच्ची.
मी वर दोर धरते, बसून,
टाचा फटीत रुतवून.
मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी
पाणी वाचायला शिकतेय, या वयात.

काल मात्र डाव्या नाकपुडीतून काहीतरी आत आलं.
कुजकं शेवाळ. त्यामागून डिझेल.
ओल्या दोराचा, गोठ्यासारखा.
आणि लांबून, पाण्यावरून,
लोखंड चाटल्यासारखं काही, ज्याला नाव नाही.
एकच वास म्हणाले होते ना मी?
मला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले होते.

चार, मी ओरडले. पाच.
क्षितिज जरासं कलंडलं,
किंवा ढग होता.
सात, मी ओरडले, सहावीलाच.
साबेला शिव्या देत वर आली,
पिशवी अर्धी, ढोपर फुटलेलं.


तिनं माझ्या हातातून दोर सोडवून घेतला,
एकेक बोट उघडून.